फ्लेक्सवरचं तोंड

प्रियदर्शनी मॅडमला माणसाच्या कातडीचे थर झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. लातूरच्या ट्यूशन एरियात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवण्यात तिची हयात चाललीय. रिपीटर बॅच तिची. एकदा आपटलेली, रडवेली पोरं तिच्या हाताखाली उभी राहतात आणि त्या बॅचवर तिचा जीव आहे, घरही त्याच बॅचवर चालतं.

आणि यंदा क्लासचे मालक संगमेश सर तिला केबिनमध्ये बोलावून काय म्हणाले? "मॅडम, तुमच्या शिकवण्यात खोट नाही. पण यावेळी टीचर लोकांचे फोटो फ्लेक्सवर टाकायचेत. पालक आधी तोंड बघतात. तेवढे गालावरचे खड्डे बुजवून घ्या. नाहीतर रिपीटर बॅच दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल." आणि वर हसले! जसं काही नगरपालिकेचं खड्ड्यांचं टेंडर निघालं होतं. शी! बोलताना माणसाची जीभ तरी अडखळावी की नाही?

खड्डे होते, खोटं कशाला बोला. शिरूर अनंतपाळला शाळेत असताना मुरमं आली, फुटली, पिकली आणि जाताना गालांची चाळणी करून गेली. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता आरशात बघितलं की तिला सरांचं ते हसणं दिसायला लागलं. तिची आई चांगुणाबाई तर ऐकून भडकलीच. "तोंडाला काय धाड भरलीया तुझ्या? त्याच तोंडानं लई पोरं डॉक्टर केलीस न्हवं?"

पण बॅच हातची जाणार होती. मग बाई निघाली लेसरचे भाव काढायला.

पहिलं क्लिनिक लातुरातलंच, काचेच्या दाराचं. काळा कोट घातलेली एक पोरगी समोर बसली, म्हणे काउन्सेलर. पहिला प्रश्न काय, तर "लग्न जमलंय का मॅडम?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग जमवायचंय, ब्रायडल पॅकेजच घ्या." सिटिंगला नऊ हजार. प्रियदर्शनी उठली तर सहा, दारापर्यंत गेली तर साडेचार. गंजगोलाईतला बांगडीवालासुद्धा इतका भराभरा खाली येत नाही. डॉक्टर कुठायत, विचारलं. "सर पुण्याहून येतात." कधी? "येतात की."

तपासणीचे पाचशे मात्र रोख मागितले. प्रियदर्शनी घासाघीस करायला लागली तशी पोरगी गोड हसली. "फाइलसाठी फोटो काढू द्या, पाचशे माफ." आणि ही बया हो म्हणाली! डावा गाल, उजवा गाल, समोरून. खरं तर हा सौदा तिच्या क्लासमध्ये दरसाल व्हायचा. टॉपरची फी माफ, फोटो आमचा. एकच पोरगं तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर दात काढून उभं असायचं आणि अशा पालकांना चहा पाजून पटवायला प्रियदर्शनीच पुढं असायची. तरी फसली. पाचशे वाचले म्हणून घरी येऊन खुश पण झाली.

मग नांदेड. डॉक्टर लेनमधल्या एका ठिकाणी केस उगवणं, पोट उतरवणं, गोंदण काढणं, लेसर, सगळं एकाच खोलीत. पलंगावर झोपा म्हणाले. तिनं वाकून बघितलं तर उशीच्या अभ्र्यावर आधीच्या कुणाच्या तरी गालाच्या खपल्या! वाळलेल्या, तपकिरी, चिकटलेल्या. तिथला पोरगा म्हणतो कसा, "झटकून देतो ना मॅडम." मुडदा बशिवला तुझा! ती चपला हातात घेऊनच जिना उतरली.

त्याच गल्लीत पुढं एक वयस्कर त्वचारोगतज्ज्ञ बाई बसायच्या. त्यांनी तिची हनुवटी धरून गाल खिडकीच्या उजेडाकडं वळवला. "सगळे जाणार नाहीत. निम्मे बुजतील. आपल्या रंगाच्या कातडीवर लेसर जोरात मारलं तर भाजून काळे डाग पडतात, म्हणून मी हळू करते. सिटिंगला सात हजार, कमी करत नाही." भाव सगळ्यात खरा वाटला तो हाच. तिनं दिवाळीच्या सुट्टीतली तारीख घेतली.

पंधरवड्यात लातूरभर फ्लेक्स लागले. क्लासचे नव्हे, त्या काचेच्या क्लिनिकचे. 'आधी'मध्ये प्रियदर्शनी. 'नंतर'मध्ये पण प्रियदर्शनीच, फक्त लोण्यासारखी गुळगुळीत आणि दोन रंग उजळ. अंगाला सुईसुद्धा लागली नव्हती! ती तणतणत क्लिनिकात गेली तर काळा कोट म्हणाला, "फोटो तुम्हीच दिलात ना मॅडम?"

संगमेश सरांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फोटो खोटा आहे म्हणून सांगितलं तर आणखीनच खुलले. "मग खर्च वाचला की तुमचा! तोच फोटो मागवून घेतो. बॅच तुमचीच, जा." प्रियदर्शनी गप बसली. तिला सरांची किळस आली, क्लिनिकची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. पण बॅच वाचली होती.

आठवडाभरानं तास संपल्यावर अक्षरा तिच्यापाशी येऊन थांबली. औशाची, रिपीटर बॅचमधली हुशार पोरगी. तोंडाला स्कार्फ. उन्हाच्या सगळ्याच पोरी बांधतात, पण ही चार दिवस वर्गातसुद्धा सोडत नव्हती.

"मॅडम, तुम्हाला किती दिवसांनी बरं वाटलं?"

"कशानं?"

तिनं स्कार्फ खाली ओढला. दोन्ही गालांवर करपल्यासारखे काळे चौकोन, मधूनमधून ओल सुटलेली. "तुमचा फोटो बघून आईनंच नेलं. मॅडमचं एवढं छान झालं म्हणाली." मग ती जवळून मॅडमच्या गालाकडं बघायला लागली. बघतच राहिली. "मॅडम... तुमचे तर आहेत की अजून."

प्रियदर्शनीला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी भरलेल्या हॉलमध्ये, रेकॉर्डिंग चालू असताना, तिनं माइक हातात घेतला. "तो फोटो खोटा आहे. मी कसलंही लेसर केलेलं नाही. माहीत असून मी गप बसले, कारण मला ही बॅच पाहिजे होती. त्या ठिकाणी कुणीही पाऊल ठेवू नका." संगमेश सर दारातून धावत आले. "क्लासचं तोंड काळं केलंत!" ते ओरडले. बॅच तिथंच, त्या पोरांच्या देखत गेली.

दोन दिवसांनी नांदेडच्या एसटीत प्रियदर्शनी, अक्षरा आणि तिची आई एका बाकावर बसल्या होत्या. स्वतःची तारीख तिनं फोन करून अलीकडं घेतली होती आणि अक्षराच्या नावावर केली होती. अक्षराची आई लातूर सोडल्यापासून पदर तोंडाला लावून बसलेली, मॅडमकडं बघायला तयार नव्हती.

लोहा मागं पडल्यावर अक्षरानं हळूच विचारलं, "मॅडम, जाईल ना हे?"

शंभर टक्के, गॅरंटी, पूर्ण साफ. महिनाभर कानांवर आदळलेले सगळे शब्द प्रियदर्शनीच्या ओठांपर्यंत आले.

"माहीत नाही गं," ती म्हणाली.

अक्षरानं मान हलवली आणि स्कार्फ परत डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.