जोतीरामचे केस

मंद्रूपला हिंदुरावदादाचा दहावा करून काल सोलापूरला परतले. देवापुढे दिवा लावला आणि लिहायला बसले.

दादाचा एकुलता एक जोतीराम चौऱ्याहत्तरच्या माघात फौजेत रंगरूट म्हणून भरती झाला. पोचला त्याच दिवशी डोक्यावरून मशीन फिरलं आणि मग दर आठवड्याला फिरतच राहिलं. पहाटे शिट्टी, मग धावणं, कोपरांवर रांगणं, जेवताना घास धरवत नाही, असं त्याने कळवलं होतं. सोबत फोटो होता. तो बघून दादा हसत सोजरवहिनीला म्हणाला, "आगं, ह्यानं आगुदरच डोकं भादरलंय. बाप जित्ता हाय म्हणून कळीव की त्याला." वहिनी चिडली होती.

वैशाखात दादा झोपेतच गेला. तार पोचून, रजा मिळून जोतीराम निघेपर्यंत अग्नी चुलतभावाने दिला. जोतीराम दहाव्यालाच नदीवर पोचला. मुलाने बापासाठी केस द्यायचे, पण धोंडीराम न्हाव्याच्या चिमटीत येण्याएवढेही केस नव्हते. त्याने तसाच वस्तरा फिरवला. पाण्यात काळी भुकटी तेवढी उतरली.

"आत्या, चालंल का एवढं? माजे केस तितंच झाडून नेले."

"चालतं रे. देव मन बघतो," मी म्हणाले.

तो टाचा जुळवून, हात ताठ ठेवून उभा राहिला आणि तसाच रडू लागला.

"बस की रं खाली," वहिनी म्हणाली. पण त्याला बसताच येईना.