भावोजींचं मीठ, माझी बाटली

मिठाशी उभा दावा मांडलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो राहायला होता मिठागरांच्या काठावर. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. वसईकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या ओटीवरून मिठाचे पांढरेशुभ्र ढीग दिसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाहून बरं वाटे. भावोजी मात्र चष्मा पुसून शत्रूच्या छावणीकडे पाहावं तसे त्यांच्याकडे बघत. त्यांचे वडील पन्नाशीतच अर्धांगाने आडवे झाले होते, आणि ते पानात मीठ मागून घेणारे गृहस्थ होते. पुढे मुंबईच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध असावा, त्यावर संशोधन चालू आहे. भावोजींनी त्यातलं ‘असावा’ तेवढं ऐकलं नाही.

तेव्हापासून त्यांच्या पिशवीत सोनाराचा छोटा तराजू आला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पानाच्या कोपऱ्यात मीठ ठेवलं, की ते कागदावर घेऊन तोलत आणि शेजारच्याला वजन सांगत; मग शेजारी प्रत्यक्ष वधूपिता का असेना. पापडाचा तुकडा ते जिभेला लावून परत ठेवत. सुके बोंबील तीन पाण्यांतून काढल्याशिवाय त्यांच्या घरी चुलीवर चढत नसत. बहीण म्हणायची, ‘बोंबील जिवंत होता तेव्हासुद्धा एवढा भिजला नसेल.’ मिठागरावरच्या एका कामगाराला ते मीठ कमी खाण्याबद्दल समजावत होते, तेव्हा तो म्हणाला, ‘मास्तर, आमच्या आंगातून दिसभर खारा पानी गळते, मंग पोटात काय साखर घालू?’ भावोजींनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला, मुद्दा रास्त आहे म्हणाले, आणि त्या माणसाला आपल्या प्रयोगातून सूट दिली.

हा प्रयोग म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम. दहा घरं त्यांनी निवडली. कोणी नाही म्हणालं, तर ओटीवर बसून राहायचे. जेवायची वेळ झाली की घरचेच कंटाळून हो म्हणत. दोन महिने प्रत्येक घराला आठवड्याचं मीठ तेच तोलून देणार, लोणचं आणि सुकट बंद. आणि सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, घरातल्या एका माणसाने एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी बाटलीत साठवायची. खाल्लेलं मीठ तिथे सापडतं, माणूस खोटं बोलतो पण लघवी बोलत नाही, असं ते म्हणत. सरबताच्या मोठ्या बाटल्या केळीच्या पानांत गुंडाळून, सायकलला दोन्हीकडे बांधून ते स्टेशनकडे निघत, तिथून इस्पितळात. त्या काळात आमच्याकडे हातभट्टीचा सुळसुळाट होता. एका हवालदाराने त्यांना अडवलं, बूच काढलं आणि खोल वास घेतला. भावोजी शांतपणे म्हणाले, ‘दहा घरांचं आहे. प्रत्येकाचा वेगळा घेऊन बघा.’ पुढे तो हवालदार त्यांची सायकल दिसली की रस्त्याच्या पलीकडे जाई.

दहापैकी एक घर माझं. नंदाखालला आमची केळीची आणि माडांची वाडी. माझ्या बायकोने ते दोन महिने ज्या निष्ठेने पाळले, तशी मी कोणाला एकादशी पाळताना पाहिलेली नाही. भावोजींच्या पुडीतलं मीठ ती एकाच लहान चमच्याने मोजून घाली; आमटी कितीही अळणी लागो, पुडीबाहेरचा एक खडा तिने घातला नाही. मुलं रुसली, माझी आई चार दिवस धाकट्या लेकीकडे जाऊन राहिली. ही म्हणायची, ‘भावोजींना शब्द दिलाय.’

शेवटच्या बाटलीचा दिवस आला. मी पहाटे वाडीत गेलो, पाणी लावलं, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढली. वाडीत काम करणारा माणूस घराकडे कशाला येतो? जन्मभराच्या सवयीने केळीच्या आडोशाला उभा राहिलो. एकदा नाही, दिवसभर. संध्याकाळी बाटली पाहिली तर तळ जेमतेम झाकलेला. पहिल्या वेळची खूण भावोजींनी चिकटपट्टी लावून ठेवली होती. आता त्यांना काय सांगायचं? एवढं साधं काम जमलं नाही म्हणायची लाज वाटली. मी बाटली वाडीतल्या विहिरीवर नेली आणि खुणेपर्यंत भरली.

त्या उन्हाळ्यात खाडीचं पाणी आमच्या विहिरीत उतरलं होतं. केळीची पानं कडेने करपत होती, प्यायचं पाणी आम्ही शेजारून आणत होतो. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

महिन्याभराने कागद आला. नऊ घरांचं मीठ उतरलं होतं, माझं चढलं होतं. डॉक्टर भावोजींना म्हणाले, मास्तर, तुमच्या सख्ख्या मेव्हण्याच्या घरात हे, तर बाकीच्यांचा भरवसा काय? त्यांनी सगळाच कागद बाजूला ठेवला. भावोजी तसेच आमच्याकडे आले. हिच्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘वहिनी, एखादी चिमूट पडली असेल तर सांगा. मी रागावणार नाही.’ ही म्हणाली, ‘माझ्या हातून पडलेली नाही.’ त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नाही हे तिलाही दिसलं. मी तिथेच होतो, सुतळी वळत. वळत राहिलो.

भावोजींनी प्रयोग पुन्हा मांडायचा म्हटलं, पण घरं तयार होईनात. पुढे काही वर्षांनी ते वाडीत आले असता विहिरीच्या पाण्याने चूळ भरली आणि थांबले. ‘हे खारं केव्हापासून?’ मी म्हणालो, यंदापासून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंच्याने तोंड पुसलं आणि केळीच्या भावाबद्दल विचारलं. तराजू त्यानंतर मी त्यांच्या पिशवीत पाहिला नाही.

आता भावोजी नाहीत. मला स्वतःला रक्तदाब आहे, आणि ही चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच चमच्याने माझं मीठ मोजते. बहिणीने परवा त्यांची वही माझ्याकडे पाठवली. ती उघडून मी हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, ‘बाटलीचा रंग मी तेव्हाच पाहिला होता.’

मग बोलली का नाहीस, म्हणून विचारलं.

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.’

वहीत माझ्या नावापुढचा आकडा मी आज खोडला आणि तिथे ‘विहिरीचं पाणी’ असं लिहून सही केली. दहावं घर खोटं बोललं नव्हतं, त्या घरातला एक माणूस बोलला होता. बाकीची नऊ घरं खरी होती, भावोजी. जेवायला हाक आली आहे. आमटी अळणीच असणार.