हणमंतराव आणि चौदा जणांचा दगड

हणमंतराव जगताप घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्र्याण्णव साली. महिन्याभरातच त्यांना दुसरी नोकरी लागली, असं त्यांच्या पत्नी तानूबाई सांगायच्या. नोकरी बिनपगारी होती: चौकातला दगड हलू द्यायचा नाही.

बंगळूरला, हेब्बाळच्या पुढे, तेव्हा त्यांचं गाव नावापुरतंच उरलं होतं. मराठ्यांची तीसेक घरं, भवानीचं देऊळ आणि चौकात तो पुरुषभर उंचीचा करडा दगड. या गावातून चौदा जण पहिल्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या तिघांनी प्राण दिले, एवढंच त्यावर कोरलेलं, इंग्रजीत आणि कन्नडात. नावं नव्हतीच. रस्ता दोन्ही अंगांनी रुंद होत गेला आणि दगड मधोमध अडकला. आता तो बाजूला न्यावा, जागा गावाने सुचवावी, असं रस्तेवाल्या साहेबांनी कळवलं होतं.

मी जगतापांच्या माडीवर भाड्याने राहायचो. हणमंतरावांचे, म्हणजे अण्णांचे, इंग्रजी अर्ज टाइप करून देणं भाड्यातच धरलेलं होतं. दोन वर्षांत मी एकतीस अर्ज टाइप केले. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच: एक इंचही नाही.

दर रविवारी देवळात बैठक भरायची. तिथे अण्णांचे कट्टर विरोधक म्हणजे विश्वासराव घोरपडे. त्यांचं म्हणणं, दगड त्यांच्या दारासमोर यावा, कारण मेलेल्या तिघांत त्यांचा चुलता होता. अडचण अशी की दगडावर तिघंच मेले होते आणि बैठकीत पाच घरं आपापला माणूस त्यांत मोजत. अण्णांचे वडील मात्र इराकात बसऱ्याला खेचरं सांभाळून धडधाकट परत आले होते, आणि वादात हा मुद्दा अण्णांना फार नडायचा.

पंच्याण्णवच्या जानेवारीत एका रविवारी अण्णा बैठकीहून तावातावाने घरी आले. तानूबाई अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, तुम्ही त्या दगडाला शेवटचा हात कधी लावलात?"

अण्णांना आठवेना. रोज सकाळी ते रस्त्याच्या अलीकडे उभे राहून, बसगाड्यांमधल्या फटींतून त्याला नमस्कार करायचे.

दुसऱ्या दिवशी अण्णा पांढरा शर्ट घालून, झेंडूची माळ घेऊन निघाले. तानूबाई दुधाची पिशवी घेऊन मागोमाग. अण्णा दगडापर्यंत पोचले, माळ घातली आणि तिथेच अडकले. अर्धा तास झाला, पाऊण झाला, रस्ता मोकळा होईना. एका बसमधून कुणीतरी त्यांना हात जोडले. अण्णा उपोषणाला बसलेत, अशी बातमी तोवर विश्वासरावांपर्यंत गेली. अखेर एका पोलिसाने शिट्टी वाजवत दोन्हीकडची वाहनं थोपवली, अण्णांचं मनगट धरलं आणि "स्वल्प बेग, ताता," जरा लवकर, आजोबा, म्हणत त्यांना कडेला आणलं. साठ वर्षांच्या माणसाला गावच्याच चौकात हाताला धरून आणावं लागलं, हे तानूबाईंनी त्या संध्याकाळी निदान सात घरांत सांगितलं.

रात्री जेवताना अण्णांनीच विषय काढला. लहानपणी वडील त्यांना दगडापाशी नेत, तळवा त्यावर ठेवायला लावत आणि चौदा नावं म्हणवून घेत. आज उभ्या उभ्या त्यांनी ती म्हणून पाहिली. अकरावर आले की हॉर्न वाजे, पुढचं नाव निसटे, पुन्हा पहिल्यापासून. "एकदासुद्धा पुरी झाली नाहीत," ते म्हणाले. "तिथं माणसानं उभं राहायचं कसं?"

पुढच्या रविवारी बैठकीत नावांची ही गोष्ट सांगून त्यांनीच ठराव मांडला: दगड दूध केंद्राशेजारच्या करंजाखाली न्यावा. विश्वासराव उठले. वडिलांनी नावं सांगितली होती ना, मग माझा चुलता त्यात होता की नाही, एवढंच सांगा, म्हणाले.

"होता," अण्णा म्हणाले.

विश्वासरावांचे डोळे भरून आले. मग करंजाखाली तर करंजाखाली, म्हणत त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं.

घरी येताना मी अण्णांना खरं काय ते विचारलं. "चौदांत होता," अण्णा म्हणाले. "प्लेगात गेला, परत आल्यावर. तिघांत होता का, हे त्यानं विचारलं नाही." आणि हे टाइप करायचं नाही, अशी मला ताकीद दिली.

मार्चमध्ये क्रेन आली. दगड जितका वर होता तितकाच खाली निघाला. दुपारपर्यंत तो करंजाखालच्या खड्ड्यावर लोंबकळत होता, तेव्हा क्रेनवाल्याने विचारलं, याचं तोंड कुठे करायचं? अण्णांनी विश्वासरावांकडे पाहिलं, विश्वासरावांनी अण्णांकडे. दोन वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. विश्वासराव म्हणाले, देवळाकडे. अण्णा म्हणाले, पश्चिमेला, बसऱ्याकडे. रविवारी बैठक घेऊ, असंही कुणी म्हणालं.

"दुधाच्या रांगेकडं करा," तानूबाई म्हणाल्या. "उभं राहून काय करतात तिथं लोक? वाचतील तरी."

क्रेनवाला "सरी अक्का," बरं ताई, म्हणाला आणि त्याने दगड फिरवला.