रणगाड्याचं झाकण

माझे वडील सैन्यात आपणहून गेले. चीनच्या लढाईनंतर सैन्याला तरुण अधिकारी हवे होते, तेव्हा ते ठाण्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी बोलणारे ज्यू. आजोबांनी त्यांना खूप समजावलं. आपण मूठभर माणसं, त्यात तू एकुलता एक, तू गेला नाहीस म्हणून या देशाचं काही अडणार नाही, असं ते म्हणत राहिले. पप्पांचं उत्तर आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगितलं जायचं. ते म्हणाले होते, मूठभर आहोत म्हणूनच कुणीतरी जायला हवं.

त्यांना रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये घेतलं. पासष्टच्या लढाईत ते पंजाबात होते. उसाच्या एका शेताच्या कडेला त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसला, आतला एक जवान जागीच गेला, पप्पांनी जळत्या रणगाड्यातून तोफ चालवणाऱ्या जवानाला ओढून बाहेर काढलं आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याबद्दल त्यांना पदक मिळालं. चालक मात्र वाचला नाही. मला ही गोष्ट इतकीच माहीत होती, आणि लहानपणी मी ती वर्गातल्या मुलींना त्यांनी न विचारताच सांगायची. शाळेच्या कार्यक्रमाला पप्पा लांब बाह्यांचा शर्ट घालून यायचे तेव्हा मला वाईट वाटायचं. हात दिसावा असं मला वाटे.

नोकरीची मुदत संपल्यावर ते देवळाली कॅम्पात राहायला आले. लष्करापासून फार लांब राहणं त्यांना जमलं नसावं. तिथं त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एक जुनी फियाट, तिच्यात दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक. लॅम रोडवर, बाजारात, स्टेशनाच्या बाहेर ती फियाट रखडत, आचके देत चाललेली दिसली की लोक ओळखायचे, कॅप्टनसाहेब कुणाला तरी शिकवतायत. अधिकाऱ्यांच्या बायका, भाजीचे टेम्पो चालवू पाहणारी पोरं, निफाडकडचे द्राक्षबागायतदार, सगळे त्यांच्याकडे शिकले. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी स्कूल बंद असायचं. त्यांची एक शिस्त होती. गाडी थांबली की शिकणाऱ्यानं आधी दार उघडून खाली उतरायचं, मग ते उतरणार. भर पावसात एखादी बाई म्हणाली की साहेब तुम्ही पळा, मी छत्री घेऊन येते, तरी ते बसून राहायचे. मला वाटे, ही जुन्या वळणाची सभ्यता.

आई गेली. भाऊ इस्रायलला जाऊन स्थायिक झाला आणि पप्पांना बोलावत राहिला. पप्पा गेले नाहीत. मी नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवत होते, माझं लग्न हिंदू मुलाशी झालं होतं, आणि त्याबद्दल ठाण्याच्या नातेवाइकांनी जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. पप्पा त्यावर एका शब्दानं बोलले नव्हते. रविवारी मी बसनं कॅम्पात जाऊन त्यांच्यासाठी स्वयंपाक करायची.

नव्वदच्या दशकातल्या अशाच एका रविवारी मी पोचले तर पुढच्या खोलीत एक उंच सरदारजी बसला होता. तिशीतला, तोफखान्यातला हवालदार, देवळालीत कोर्सला आलेला. मी आत गेले तसा तो उठून उभा राहिला. पप्पांनी ओळख करून दिली. तो त्यांच्या चालकाचा मुलगा होता. बाप गेला तेव्हा तो आईच्या कडेवर होता. कॅम्पात कुणीतरी पप्पांची रेजिमेंट सांगितली आणि तो मिठाईचा डबा घेऊन शोधत आला होता.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. आला की पप्पांच्या पाया पडायचा. आमच्याकडे पाया पडत नाहीत, पण पप्पा त्याला थांबवत नसत, फक्त हात मागं घेत. तो फियाटचं बॉनेट उघडून काहीबाही दुरुस्त करायचा, माझ्याशी आपल्या मुलींबद्दल बोलायचा, माझ्या हातच्या माशाच्या कालवणाला नावाजायचा. बापाबद्दल तो पप्पांना पुन्हा पुन्हा विचारी. बापाला गाणं यायचं का, जेवायला काय आवडायचं, रागीट होता का. पप्पा सगळं सांगत. हसतही. पण तो गेल्यावर जेवायला बसले की भात तसाच राहायचा. मला वाटलं, जुन्या आठवणींनी होत असेल. मी खूश होते. परदेशातल्या माझ्या भावाचा फोन सणाला यायचा, आणि इथं दर आठवड्याला एक मुलगा दारात उभा राहत होता.

त्याचा कोर्स संपत आला तेव्हा त्यानं एक विनंती केली. गावकऱ्यांनी त्याच्या वडिलांच्या नावाची कमान गावाच्या वेशीवर बांधायला घेतली होती. तिचं उद्घाटन पप्पांनी करावं. आई दारात वाट बघेल, तिनं तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, असं तो म्हणाला. पप्पा हो म्हणाले. तिकिटांची चौकशी मी करते, असं मी म्हटलं.

तो गेल्यावर पप्पांनी मला बसवून घेतलं आणि राहिलेली गोष्ट सांगितली. अगदी वर्गात प्रमेय समजवावं तशी, हातवारे करून.

रणगाड्याचा चालक खाली, पुढच्या अंगाला एकटा बसतो. बाकीचे तिघं वरच्या फिरत्या बुरुजात. चालकाच्या डोक्यावर त्याचं वेगळं झाकण असतं, ते उघडून तो बाहेर पडतो. पण बुरूज एका विशिष्ट कोनात फिरला की तोफेची नळी बरोबर त्या झाकणावर येते आणि ते उघडत नाही. म्हणून कमांडरनं लक्षात ठेवायचं असतं. गाडी सोडायची वेळ आली तर आधी तोफ बाजूला न्यायची, मग बाहेर पडायचं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्या दिवशी त्यांनी उसाच्या दिशेनं बुरूज वळवला होता आणि गोळा बसला तेव्हा नळी झाकणावर होती. बुरुजात आग लागली. त्यांनी तोफवाल्या जवानाला ओढलं आणि दोघांनी उड्या मारल्या. खाली जमिनीवर पडल्यावर त्यांना झाकणावरचे ठोके ऐकू आले. बुरूज हातानं फिरवायचं एक चाक आत असतं. ते फिरवायला आत जायला हवं होतं.

"मी परत वर चढलो," पप्पा म्हणाले. "हात आत घातला. तेव्हाच भाजला. पण मी आत उतरलो नाही."

ठोके किती वेळ येत होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्या वरिष्ठ साहेबांना त्यांनी हे सगळं इस्पितळात सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, तू एका माणसाला वाचवलंस, लढाईत असं होतं, आता याचा उच्चार करू नकोस. पुढं पदक आलं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला सोपं नाही. दया वाटायला हवी होती. मला त्यांची लाज वाटली. समोर माझा बाप बसला होता, साठीकडं झुकलेला, आणि मला त्याच्या हाताकडं बघवेना. त्याच हाताची गोष्ट मी शाळेत मिरवली होती. आणि लगेच दुसरी भीती आली. हे बाहेर कळलं तर कॅम्पातले लोक काय म्हणतील? आमच्यासारखे इथं दुसरे कोण आहेत? एकानं केलं तर सगळ्यांच्या नावावर लागणार. ज्यू होता, घाबरला, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हटलं, "आता सांगून काय होणार आहे? बत्तीस-तेहतीस वर्षं झाली. त्या बाईला तरी सुखानं राहू द्या."

ते म्हणाले, "तो दर रविवारी माझ्या पाया पडतो गं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. पप्पा गप्प बसतील अशी माझी आशा होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि दारातून बघत राहिले. तो आला, वाकला, तेव्हा पप्पांनी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला सरळ उभं केलं आणि खुर्चीत बसवलं. मग हिंदीत, मला सांगितलं होतं तसंच, कोन, झाकण, चाक, सगळं सांगितलं. स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही. आपण पंचवीस-सव्वीस वर्षांचे होतो, हात जळत होता, हेसुद्धा नाही. ते मला बाहेर येऊन सांगावंसं वाटत होतं, पण मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिले.

तो तोफखान्यातला माणूस. त्याला अर्धं ऐकूनच सगळं कळलं असणार. मग त्यानं एकच विचारलं, "आवाज़ दे रहे थे?"

पप्पा म्हणाले, "हाँ."

तो उठला. माझ्याकडं वळून त्यानं नमस्कार केला, पप्पांना केला नाही, आणि सायकल घेऊन गेला. चहा मी मोरीत ओतला. कमानीच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं नाही. पप्पा काही महिने पोस्टमन दिसला की फाटकाशी जायचे, मग तेही बंद झालं.

फियाट त्यानंतर कितीतरी वर्षं चालली. आता ती थांबली की मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायची. आधी शिकणारी मुलगी उतरते, दार लावते, मग पप्पा. इतकी वर्षं ही सभ्यता समजत होते, याची मला वेगळीच शरम वाटायची. मी त्यांच्याशी पुन्हा पहिल्यासारखी वागू लागले, पण वागू लागले असंच म्हणावं लागेल. ते त्यांना कळत असणार.

नवं शतक लागल्यावर काही वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कॅम्पातल्याच इस्पितळात चार-पाच दिवस होते. वाचा गेली होती. एका शुक्रवारी पहाटे ते गेले. शनिवारी आमच्यात दफन करत नाहीत, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळच्या आत सगळं उरकायला हवं होतं. भावाला तेवढ्यात येणं शक्य नव्हतं. कॅम्पातल्या ख्रिस्ती दफनभूमीच्या एका कोपऱ्यात दोन जुन्या ज्यू कबरी आहेत, तिथं जागा द्यायला लोकांनी आनंदानं होकार दिला. ठाण्याला फोन केले. मृतासाठी आमच्यात एक प्रार्थना असते, कद्दिश, ती म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात.

आठ आले. घाट चढून, दुपारचे, घामाघूम होऊन.

दफनभूमीत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना पप्पांनी गाडी शिकवली ते सगळे आले होते. टेम्पोवाले, डॉक्टरीणबाई, विंचूरचा कांद्याचा व्यापारी, कॉलनीतले भीमसैनिक, मशिदीतले दोन वृद्ध. माझा नवरा खड्ड्याशी उभा होता, त्यानं इस्पितळात पप्पांची पाठ शेवटपर्यंत पुसली होती. पण त्यांतला एकही दहांत धरता येत नव्हता. ठाण्याहून आलेल्या नात्यातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की कद्दिश आज होणार नाही, बाकीची प्रार्थना म्हणू. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं, पण माझी मान खाली गेली. हिंदूशी लग्न करून मूठभरांतून एक मी कमी केला होता, एक भाऊ लांब गेला होता. माती सगळ्यांनी टाकली, ती मात्र कुणाला मोजावी लागली नाही.

आठवड्याभरानं कॅम्पातल्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एका निवृत्त अधिकाऱ्यानं जळत्या रणगाड्याची हकिगत सांगितली, मी लहानपणी सांगायची अगदी तशीच. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना, काहींनी वाजवल्या. मला आभार मानायला उठवलं. मी आभार मानले आणि खाली बसले.

घरी आल्यावर त्या हवालदारानं पूर्वी कधीतरी दिलेला गावचा फोन नंबर लावला. लागेल असं वाटलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. मी कोण ते सांगितलं. मी म्हटलं, साहेब गेले. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं. माझं हिंदी अडखळत होतं.

त्यांनी आधी विचारलं, त्रास झाला का. मी म्हटलं, थोडे दिवस. मग त्या म्हणाल्या, "बेटे ने सब बता दिया था. दस साल मैं उन पर गुस्सा करती रही. अब किस पर करूँ?"

मी माफी मागितली, कुणाच्या वतीनं ते मला ठरवता येईना. त्यांनी माफ केलं म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, तुझ्या घरी जेवण झालं का, सुतकात कुणी आणून देतं का. मी म्हटलं, शेजारचे देतात. "फिर खा ले," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

कबरीच्या दगडावर काय कोरायचं यावरून भावाशी फोनवर वाद झाला. त्याला हुद्दा आणि पदक हवं होतं. मी नुसतं नाव आणि गाव कोरून घेतलं. तो अजून रागावलेला आहे, आणि मी त्याला अजून कारण सांगितलेलं नाही.