माझ्या जागी लहानू

आमच्या पोशेऱ्याकडच्या पाड्यावर दर रविवारी माझ्या पडवीत आठ-दहा माणसं प्रार्थनेला जमतात. वडील गेल्यापासून ती मीच चालवतो. प्रभू येशूने आपल्या पापांसाठी प्राण दिला, हे मी आजवर किती वेळा बोललो असेन त्याला गणती नाही. पण खरं सांगायचं तर ते मला कधी भिडलं नव्हतं. मरायचं एकाने आणि सुटायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय, अशी शंका मनात यायची. ती मी कुणापाशी बोललो नाही. प्रार्थना चालवणाऱ्याने शंका काढू नयेत, असं मला वाटे. आता जे सांगणार आहे ते सांगताना जीभ जड होते, तरी सांगितलंच पाहिजे.

लहानू खालच्या वस्तीवरचा मजूर. त्याला ना जमीन, ना गुरं. लावणीला आणि झोडणीला आमच्याकडे यायचा, दिवाळीनंतर बायको जिवली आणि मुलीला घेऊन वीटभट्टीवर जायचा. त्या वर्षी मुलगी आजारी पडली म्हणून तो लवकर परतला होता. माझ्या मोगऱ्याच्या वाडीत त्याने काही दिवस काम केलं. तो हिंदू, आमच्या प्रार्थनेत कधी बसला नाही. जाता-येता पडवीसमोर थांबून गाणं मात्र ऐकायचा.

वाडीला पाणी द्यायला माझ्याकडे डिझेल इंजिन आहे. त्याच्या पाइपच्या तोंडाला बसवायचा पितळी व्हॉल्व एक दिवस सापडेना. लहानूने नुकतीच त्याला तार गुंडाळून दिली होती, म्हणून माझा संशय त्याच्यावर गेला. हातपंपावर चारचौघांत मी त्याला म्हणालो, "भंगारात घातलास ना?"

"दादा, मी नाय घेतला," एवढंच तो म्हणाला.

माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस, असं मी त्याला बजावलं. तो मान खाली घालून गेला. चार दिवसांनी कणगीमागच्या गोणीत हात घातला तर व्हॉल्व तिथेच होता. मीच ठेवला होता. तो नेऊन मी पाइपाला बसवला. ज्या माणसांसमोर बोललो त्यांच्यासमोर चूक कबूल करायची, ते धाडस होईना. रविवारी सांगू, असं ठरवलं. रविवार आला. त्या दिवशी मी क्षमेवर बोललो, आणि व्हॉल्वबद्दल चकार शब्द काढला नाही.

एप्रिलात गावविहिरीने तळ गाठला तेव्हा सगळ्यांनी मिळून गाळ काढायचं ठरवलं. वरून पाणी ओढलं जाईना, म्हणून माझं इंजिन दोराने खाली सोडून आतल्या टप्प्यावर ठेवलं. गाळ काढायला आलेल्यांत लहानूही होता. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुपारी जेवणं झाल्यावर इंजिन बंद पडलं. विहीर धुराने भरली होती. मी उतरायला निघालो तसा लहानू पुढे आला.

"दादा, थोडा थांब. धूर निघून जाऊ दे."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो, आणि उतरलो.

टप्प्यावर पोचलो आणि पायांतलं बळ गेलं. डोकं भणभणलं. हँडलकडे हात नेल्याचं आठवतं, पुढचं काही आठवत नाही.

बाकीचं मला नंतर कळलं. वरचे लोक नुसते ओरडत राहिले. लहानूने तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि कुणाला न विचारता तो खाली गेला. दोर एकच होता. तो त्याने माझ्या काखेखालून बांधला आणि ओढा म्हणून खूण केली. मला वर घेऊन, सोडवून, दोर परत टाकेपर्यंत तो टप्प्यावरून घसरून पाण्यात पालथा पडला होता. आम्हा दोघांना एकाच जीपमध्ये जव्हारला नेलं. मी शुद्धीवर नव्हतो, म्हणून मला कळलं नाही की सगळी वाट माझा खांदा त्याच्या खांद्याला लागून होता. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी काढल्यावर बायकोने सांगितलं, लहानू वाचला नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

घरी आलो तेव्हा लोक भेटायला येऊन म्हणायचे, देवाने वाचवलं. ते मला चाबकासारखं लागायचं. मग लहानूचं काय? मी जेवण टाकलं. भर उन्हात अनवाणी हिंडलो. असं स्वतःला छळून काहीतरी फिटेल असं वाटत होतं, पण आतली काळोखी वाढतच गेली. जिवलीकडे जायचं मात्र माझ्याने झालं नाही.

अशात उत्तम शुक्रवार, प्रभूला क्रूसावर खिळलं तो दिवस, आला. पडवीत माणसं जमली. मी उभा राहिलो, आणि "त्याने आपल्यासाठी..." इतकंच म्हणालो. सगळे खाली मान घालून वाट बघत होते. मी तसाच पायरी उतरून चालू लागलो.

जिवली अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मुलगी आत झोपली होती. मला बघून जिवली उठली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी ते घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "जिवले, व्हॉल्व लहानूने नेला नव्हता. माझ्याच घरात होता. मला ठाऊक होतं, तरी मी बोललो नाही."

"माला ठावं हाय," ती म्हणाली.

तीच पुढे बोलली, "इहिरीत गेला त्या दिशी दुपारी भाकर खायाला घरी आला तवा सांगत व्हता. तोच व्हॉल्व पाइपाला लावलाय, माझीच तार हाय. मी म्हटलं, मग चारचौघांत बोल ना. तर म्हणं, नको, त्याच्या तोंडानं येऊ दे."

"आणि तरी तो माझ्यासाठी उतरला?"

"माला पण नाय कळलं, दादा. मी रोज इचारतां त्याला." तिने तांब्या पुन्हा पुढे केला. "आता पाणी पी. ऊन हाय."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. तिने माझं सांत्वन केलं नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही. तांब्या माझ्यापुढे ठेवून ती फुलं परतायला गेली. लांबच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं पाणी होतं ते. मग तांब्या उचलून मी प्यालो.

तेव्हा मनात जे उतरलं ते शब्दांत मांडायला मी असमर्थ आहे. माझं पाप लहानूला ठाऊक होतं. मी पश्चात्ताप करीन म्हणून तो थांबला नाही, मी लायक आहे का हेही त्याने बघितलं नाही. मी खोटा असतानाच तो माझ्या जागी गेला. इतकी वर्षं मी ज्याबद्दल बोलत होतो ते हेच होतं, आणि ते मला एका मजुराने दाखवलं. लहानू देव नव्हता. येशूसारखा तिसऱ्या दिवशी तो उठला नाही, त्याची खोपी त्याच्यावाचून अजून तशीच सुनी आहे. पण खिळलेल्या प्रभूकडे आता मी बघतो तेव्हा मला न्यायाची शंका येत नाही, मान खाली जाते. असं दान फेडता येत नाही. हात पसरून घ्यावं लागतं, आणि माझ्यासारख्या मानी माणसाला तेच सगळ्यात अवघड गेलं.

हातपंपावर त्याच लोकांसमोर मी सगळं कबूल केलं. दिवाळीनंतर जिवली एकटीच भट्टीवर गेली. जाण्याआधी मुलीचा हात धरून आमच्या दारात आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "हिला शाळंत जाऊ दे." बस, एवढंच. तिने आमच्यावर इतका विश्वास कशाच्या बळावर टाकला, हे मी विचारलं नाही.

मुलगी आता आमच्याकडे जेवते, अभ्यास करते. डोळे बापाचे आहेत. बाप विहिरीत गेला हे तिला माहीत आहे, का गेला ते नाही. ती एक दिवस विचारील. त्या दिवशी काही न लपवता तिला सांगायचं बळ प्रभूने मला द्यावं, एवढंच मी रोज मागतो.