कुमुदताईंचे यंत्र भराभर चालू लागले तेव्हा

कुमुदताई पोंक्षे यांच्या वधूवर सूचक केंद्रात पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या आणि त्यांतली एक डुगडुगत असे. ती दुरुस्त करून घ्या, असे कोणी सुचवले की त्या गंभीरपणे सांगत, "ती खुर्ची नाही, परीक्षा आहे." लग्नाचा मुलगा आला की त्याला त्या अगत्याने तिच्यावरच बसवत. जो उठून शेजारच्या खुर्चीवर जाई, त्याच्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'बदली मागेल' असे लिहीत. जो कागदाची घडी करून पायाखाली सरकवी, त्याच्या अर्जावर 'संसार करील'. आणि जो तोल सांभाळत, चेहऱ्यावर काही न दाखवता अर्धा तास बसून राही, त्याच्याविषयी त्यांचे मत सर्वांत वाईट असे. "हा बोलायचा नाही," त्या म्हणत. "जी माणसं मुकाट्याने सोसतात, ती मुकाट्याने काहीही करू शकतात."

पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर मी तासभर बसलो होतो. मी लग्नासाठी गेलो नव्हतो. नौपाड्यातल्या एका लहानशा संगणकाच्या दुकानात मी नोकरीला होतो आणि आमच्या दुकानाने त्यांना विकलेले यंत्र बसवून द्यायला डोंबिवलीला गेलो होतो. तरीही माझ्या पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिले गेले. ते काय होते, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

कुमुदताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षे कानाला यंत्र लावून त्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिले, आणि निवृत्तीनंतर डोंबिवली पूर्वेतल्या राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत तेच काम पुढे चालू ठेवले. स्वतः त्यांनी लग्न केले नव्हते. एखादा आगाऊ वरपिता त्यावर बोट ठेवी, तेव्हा त्या हसून म्हणत, "मी ऑपरेटर आहे हो, सबस्क्रायबर नाही." लग्न मोडायला आलेल्या जोडप्यालाही त्यांचे उत्तर ठरलेले होते. "लाइन जोडून देणं माझं काम. बोलायचं काय, ते तुमचं तुम्ही बघा."

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षे. बाराशे-तेराशे स्थळांची माहिती, फोटोंसकट, त्या यंत्रात भरायची होती. त्यासाठीचा प्रोग्रॅम मीच लिहून दिला, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ नवे अर्ज भरायला मी जाऊ लागलो. यंत्र त्या काळाच्या मानानेही सुस्त होते. कुमुदताईंनी वय, उंची, शिक्षण घालून कळ दाबली की हार्ड डिस्क पोटात गुरगुरू लागे आणि यादी उमटायला चांगली चार-पाच मिनिटे जात. ती मिनिटे कुमुदताई वाया घालवत नसत. "शोधतंय बिचारं," म्हणत त्या पालकांकडे वळत आणि अर्जात नसलेले सगळे काढून घेत. मुलगा रागावला की ताट सरकवतो का, मुलीला पहाटे उठवल्यावर ती बोलते का, घरात शेवटचा शब्द कोणाचा. यादी येईपर्यंत त्यांच्या मनातली यादी तयार झालेली असे.

अशाच एका संध्याकाळी वृंदा आठल्ये आपला अर्ज द्यायला आली. ठाकुर्लीला राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. 'गृहकृत्ये' या रकान्यात तिने लिहिले होते, 'वरण-भात येतो. बाकीचे येणाऱ्याने शिकवावे.'

"अगं, हे असं लिहून चालतं का?" कुमुदताई म्हणाल्या.

"खोटं लिहिलं तर तपासायला कोण येणार आहे, ताई? तुम्हीच ना?"

"मी नाही येत. पण सासू येते."

"मग तिच्यासाठीच लिहिलंय. आधीच कळू दे."

दोघी मोठ्याने हसल्या. मी पडद्याकडे तोंड करून टंकत होतो. तिचे नाव, जन्मतारीख, उंची, सगळे मीच भरले. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक स्थळाला शेवटी एक रकाना होता. लग्न जमले की तिथे 'ठरले' अशी खूण करायची, म्हणजे ते नाव पुढच्या कोणत्याही यादीत येत नसे आणि त्याच्यासाठी स्थळेही निघत नसत. तिच्या नावापुढे मी ती खूण केली.

त्या क्षणी मी स्वतःला काय सांगितले, ते मला स्वच्छ आठवते. महिनाभरात आपण घरी बोलू, धीर करू, रीतसर अर्ज देऊ, आणि मग खूण काढू. कोपरला आम्ही दीड खोलीत सातजण राहत होतो. पगार बेताचा, दोन भाऊ शिकत असलेले. कारणे खरी होती, पण त्यांतले एकही कारण दुसऱ्याच्या मुलीचे नाव झाकून ठेवण्याचे नव्हते. महिन्याचे सात महिने झाले. मी दर आठवड्याला जात होतो, अर्ज भरत होतो, डुगडुगत्या खुर्चीवर बसत होतो आणि गप्प होतो. आठल्यांकडून मधूनमधून फोन येई. "काही स्थळ?" कुमुदताई यंत्रात बघत आणि म्हणत, "नाही हो, पत्रिका अवघड दिसतेय." ते ऐकताना माझी बोटे कळफलकावर अधिक वेगाने चालत.

वार्षिक मेळावा जवळ आला. त्यासाठी सगळ्या स्थळांची पुस्तिका छापायची होती, आणि सबंध यादी काढायची तर यंत्र अख्खी दुपार घेत असे. कुमुदताई करवादल्या, "इंजिनियर, ह्याला काही काढा वगैरे पाजता येतो का?"

आता या गोष्टीतला माझा खरा मूर्खपणा सांगतो. मला स्वतःची हुशारी दाखवायची होती. एका मासिकात मी वाचले होते की अशा यंत्रांत हार्ड डिस्कवरची माहिती प्रोसेसर स्वतः, ओंजळीओंजळीने मेमरीत नेतो, आणि तेवढा वेळ दुसरे काही करू शकत नाही. पण त्यात 'डीएमए' नावाची एक सोय दडलेली असते. ती चालू केली की डिस्क आपला माल थेट मेमरीत उतरवते आणि प्रोसेसर मोकळा राहतो. सगळ्याच डिस्कना ती मानवत नसे, म्हणून मुळात बंद ठेवलेली असे. मी आधी सगळ्या माहितीची प्रत काढून घेतली. मग सिस्टिमच्या खिडकीत शिरून डिस्कचे नाव शोधले आणि तिच्या गुणधर्मांत 'डीएमए' असे लिहिलेल्या इवल्याशा चौकोनात टिचकी दिली. यंत्राने जपून राहण्याचा इशारा दिला. मी तो मानला नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले.

"म्हणजे केलंस काय नेमकं?" कुमुदताईंनी विचारले. मी समजावून सांगितले. त्या क्षणभर गंभीर झाल्या.

"म्हणजे मधल्या माणसाला काढलंस."

"तसंच काहीसं."

"आमच्याकडे एसटीडी आलं तेव्हा आम्हालाही असंच काढलं होतं. लोक थेट बोलायला लागले. राँग नंबर केवढे वाढले, ठाऊक आहे?"

त्यांनी कळ दाबली. यादी दहा-बारा सेकंदांत पडद्यावर आली. कुमुदताईंनी यंत्राकडे असे पाहिले, जसे पहिल्याच भेटीत 'पसंत' म्हणणाऱ्या मुलाकडे पाहत.

त्यांची शंका खरी ठरली. पुढच्या आठवड्यात एक वधूपिता यादी हातात घेऊन उठेचनात. "झालं पण? ताई, आमच्या शेजाऱ्यांसाठी ते पाच मिनिटं शोधत होतं. आमच्याच मुलीला एवढी घाई?" दुसऱ्या एका बाईंनी तर पुन्हा 'नीट' शोधायला लावले. मी निघायच्या वेळी कुमुदताईंनी मला दारात गाठले. "पूर्ववत कर. लोकांचा विश्वास उडाला." मेळावा होईपर्यंत तरी राहू द्या, अशी मी गळ घातली. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. यादी आली की त्या पडदा आपल्याकडे वळवत, चष्मा कपाळावर चढवत, आणि रिकाम्या कळा दाबत चार मिनिटे "हं… हं… अगंबाई… हं" करीत बसत. त्या चार मिनिटांत पालकांची उलटतपासणीही यथासांग पार पडे. त्यांचे नाटक इतके बेमालूम होते की मीसुद्धा एकदा डिस्क बिघडली की काय म्हणून उठलो होतो.

परंतु वेगाची चटक त्यांनाही लागली. पूर्वी सबंध यादी तपासायचे त्यांच्या मनातही येत नसे, कारण दुपार जाई. आता दोन मिनिटांचे काम. मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी त्यांनी आपली जुनी, कापडी बांधणीची नोंदवही मांडीवर घेतली आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाची यंत्रातल्या यादीत शाळेसारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली. मी शेजारी बसलो होतो. 'आ' पहिल्याच पानावर येतो.

"आठल्ये वृंदा. गैरहजर." त्यांनी नाव वेगळे काढून पाहिले. "हिच्यापुढे 'ठरले' आहे. ठरलं? मला न सांगता? कोणाशी?"

मी कळफलकावरची धूळ झटकू लागलो.

"इंजिनियर, कोणाशी ठरलं रे?"

मी खाली पाहत होतो. कुमुदताईंनी वही मिटली. तीस वर्षे त्यांनी लोकांच्या फोनवरचे मौन ऐकले होते. माझे त्यांना कळायला अर्धे मिनिटही लागले नाही.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"छान! म्हणजे मुलीचं लग्न ठरलं. फक्त मुलीला आणि तिच्या आईवडिलांना कळवायचं राहिलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी ती खूण माझ्याकडूनच काढवली आणि म्हणाल्या, "तिची आई सोळा सोमवार करतेय, माहीत आहे? पोरीची पत्रिका अवघड म्हणून. मी सांगितलं म्हणून." त्यांनी वही कपाटात ठेवली. "मी कोणाला काही सांगणार नाही. ते तुझं काम. पण आजपासून तिच्या स्थळांच्या याद्या तू स्वतः ठाकुर्लीला नेऊन द्यायच्या. सोमवारी."

मी दर सोमवारी संध्याकाळी जाऊ लागलो. सोमवारच का, हे पहिल्याच दिवशी कळले. आठल्येकाकूंचा उपास असे, आणि केंद्रातून आलेल्या भल्या मुलाला त्या साबुदाण्याची खिचडी खाल्ल्याखेरीज सोडत नसत. "खा रे, एवढा लांबून आलास आमच्यासाठी." मी खात असे. शेंगदाण्याचे कूट, ओला नारळ, वर लिंबू. अशी चवदार शिक्षा कोणी भोगली नसेल. वृंदा समोर बसून यादीतल्या मुलांच्या वयांतून आणि नोकरीच्या वर्षांतून कोण खोटे बोलतोय ते गणिताने काढी आणि मला विचारी, "बरोबर ना?" मी मान डोलावी. मंगळवारी केंद्रात कुमुदताईंचा एकच प्रश्न असे.

"काय, बोललास का?"

"नाही."

"खिचडी खाल्लीस?"

"हो."

"तोंड उघडतं म्हणजे."

दहाव्या की अकराव्या यादीतला एक मुलगा वृंदाने पसंत केला. यादीत तो मीच वर घेतला होता, कारण अर्ज द्यायला आला तेव्हा त्याने त्या खुर्चीच्या पायाखाली घडी सरकवलेली मी पाहिली होती. लग्नाला मी पंगतीत वाढायला होतो. कुमुदताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आता तरी?" मी जिलबीचे ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेलो.

त्यानंतर वर्षभरातच कुमुदताई गेल्या. आजारपण थोडक्यात आटपले. दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना फार बोलवत नव्हते, पण भुवया उंचावून त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि मी नकारार्थी मान हलवली. त्या हसल्या. ते हसू मला रागापेक्षा जड गेले.

त्यांच्या भाच्याने चार दिवस बाहेरची खोली भेटायला येणाऱ्यांसाठी उघडी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आठल्येकाकू आल्या. कुमुदताईंच्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, "फार मोठ्या मनाची बाई. यंत्र बिघडलं म्हणून आमचे सात महिने फुकट गेले, तर स्वतः घरी आल्या होत्या. माझे हात धरून म्हणाल्या, चूक माझ्या केंद्राची, मला क्षमा करा."

हे मला ठाऊक नव्हते. कोणाही वरपक्षापुढे मान न वाकवणारी ही बाई माझ्यासाठी ठाकुर्लीचे तीन जिने चढून गेली होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "यंत्र बिघडलं नव्हतं. ती खूण मी केली होती. मुद्दाम."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आश्चर्य अजिबात नव्हते.

"बिघडलेलं यंत्र दहा मुली गाळतं रे. नेमकी एकच, तीही आमची देखणी, गाळायला यंत्राला डोळे कुठे असतात? आणि माझी खिचडी एवढी तिखट नसते की दर सोमवारी माणसाचे कान लाल व्हावेत."

"मग तुम्ही विचारलं का नाहीत?"

"तू आम्हाला सात महिने ताटकळत ठेवलंस. म्हटलं, आपणही जरा ठेवून बघू." त्यांच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "माझ्यापुरतं संपलं. पण ते सात महिने माझे नव्हते. ज्याचे होते, ती बाहेर चपला काढतेय."

वृंदा आत आली. तिने काही विचारण्याच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली होती.