जोडीला असलेलं बरं

येशूवर इतका गाढ विश्वास असलेला आणि त्या विश्वासावर इतका कमी भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच, आणि ते माझे सासरे. रविवारची चर्चमधली मिस्सा त्यांनी जन्मात चुकवली नाही. तापात गेले, पाय मुरगळलेला असताना लंगडत गेले, माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं घर घोरत पडलं होतं तेव्हाही हे पहाटेच्या मिस्सेला हजर. पण येशू बिचारा एकटा पडू नये, याची त्यांना भारी काळजी. सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेलेली. कोणी छेडलंच तर म्हणतात, "अरे, लाइट आहे म्हणून घरात इन्व्हर्टर ठेवायचा नाही का? जोडीला असलेलं बरं!"

ही जोडी किती मोठी आहे ते बघायचं तर निर्मळला त्यांच्या घरी जायला हवं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी बाकीची माणसं देवळातून, म्हणजे चर्चमधून, एकेक आशीर्वादित झावळी घरी आणून क्रूसामागे खोचतात. हे पाच आणतात. एक क्रूसामागे, एक मागच्या दाराला, एक विहिरीवरच्या पंपाला, एक स्कूटरला आणि एक शिल्लक. संतांची खाती त्यांना तोंडपाठ. हरवलेल्या वस्तूंना एक संत, घशाला दुसरा, डोळ्यांना तिसरी, प्रवासाला चौथा, आणि अगदीच हाताबाहेर गेलेल्या प्रकरणांना एक खास. एका खात्याचा अर्ज दुसऱ्याकडे गेलेला त्यांना मुळीच खपत नाही. माझी बायको लहानपणी एकदा कपाटाची किल्ली हरवली म्हणून थेट येशूची प्रार्थना करायला बसली, तर तिच्यावर डाफरले, "एवढ्याशा कामाला थेट साहेबांकडे? खाली माणसं बसलीत ना!"

माझं लग्नसुद्धा या खात्यांमार्फतच जमलं. मुलीला बरा नवरा मिळावा म्हणून त्यांनी तीन देवळांतल्या तीन संतांना वाडीतल्या राजेळी केळीचा पहिला घड बोलून ठेवला होता. घड एकच, आणि तिघांनाही तोच! मी होकार दिला आणि नेमका घड तयार झाला. आता हे नक्की कोणाच्या खटपटीने जमलं ते कळायला मार्ग नाही. शेवटी त्यांनी ओट्यावर बसून फण्या मोजल्या, तीन सारख्या वाटण्या केल्या आणि स्कूटरवरून तिन्ही देवळांत पोचत्या केल्या. एक फणी उरली. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, तूही थोडी खटपट केलीसच."

त्या स्कूटरचं वेगळंच प्रकरण आहे. फादरांकडून तिला दरवर्षी आशीर्वाद, हँडलला प्रवासाच्या संताचं पदक, पुढच्या खणात पवित्र पाण्याची बाटली. शेजारच्या हिंदू मित्राने एकदा लिंबू-मिरची आणून दिली, तर मित्राचं मन कसं मोडायचं? ती टांगली, पण डिकीच्या आत, फादरांना दिसू नये म्हणून. एवढा बंदोबस्त करताना ब्रेक तेवढे बघायचे राहून गेले. एके सकाळी स्वारी उतारावरून थेट कोणाच्यातरी मोगऱ्याच्या वाफ्यात! मी धावत गेलो, तर अंगावरच्या पाकळ्या झटकत मलाच म्हणतात, "बघितलंस? हे सगळं होतं म्हणून वाचलो."

फादरांनी त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. एका रविवारी प्रवचनात ते अगदी कळवळून म्हणाले, "ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा आहे. संतांचा मान ठेवा, पण ख्रिस्ताला ठिगळं लावू नका!" सगळ्या देवळाच्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे मात्र मिस्सा संपल्यावर पुढे होऊन फादरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "फार छान बोललात फादर. काही लोकांना याची फार गरज होती."

या सगळ्या वर्षांत माझ्या सासूबाई शांतपणे भाजी निवडत असायच्या. त्यांची प्रार्थना दोन मिनिटांत आटपते आणि गळ्यात फक्त एक साधा क्रूस. गेल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. तुळिंजच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. हृदयाची एक झडप बदलावी लागेल, आणि या वयात खात्री देता येणार नाही, असं तिथल्या सर्जनने स्पष्टच सांगितलं. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सगळी खाती एकदम कामाला लावली. आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटवर मुक्काम ठोकून त्यांनी वहीत वेळापत्रकच आखलं. ऑपरेशनच्या पहिल्या तासाला कोणाचा धावा करायचा, दुसऱ्या तासाला कोणाचा, रक्त लागलं तर कोणाचा.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स न्यायला आली, तर सासूबाईंच्या हिरव्या गाऊनला सेफ्टी पिना लावून अकरा पदकं अडकवलेली.

"बाबा, हे सगळं काढा. आत धातू चालत नाही."

"मग हे राहू दे. हे कापडाचं आहे," सासरे संताचं चित्र शिवलेलं गळ्यातलं स्कॅप्युलर पुढे करत म्हणाले.

"कापडही नाही चालणार."

"बरं, पवित्र पाण्याचे दोनच थेंब?"

"बाबा!"

पदकं निघाली, क्रूस निघाला, चाळीस वर्षांत कधी न काढलेली लग्नाची अंगठीसुद्धा साबण लावून काढावी लागली. सासरे एकेक वस्तू ओंजळीत घेत होते आणि पुन्हापुन्हा मोजत होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अहो, कशाला घाबरता? येशूला आत यायला पास लागतो का?" आणि त्यांची ट्रॉली आत गेली.

सासरे बाहेरच्या बाकावर बसले. वही उघडली, चष्मा लावला, चष्मा काढला, वही मिटली. पहिला तास गेला, दुसरा गेला. मी चहा आणला, तो गार झाला. त्यांचे ओठ मात्र सारखे हलत होते. कुठल्या संताची पाळी चालू आहे म्हणून मी जरा कान देऊन ऐकलं. ते नुसतं "येशू, येशू" म्हणत होते. चार तास त्या माणसाने दुसरा शब्द उच्चारला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. सासूबाईंनी क्षीण आवाजात विचारलं, "कोणाकोणाला कामाला लावलंत?"

सासरे चोरी पकडली गेल्यासारखे खाली बघत म्हणाले, "अगं, येशूशिवाय एकाचंही नाव सुचलं नाही. वही होती हातात, पण वाचताच येईना."

"मग आणखी काय हवं होतं?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. सासरे तिथेच हुंदके देऊन रडले. नर्सने आम्हा दोघांनाही बाहेर काढलं.

तुम्हाला वाटेल, सासरे सुधारले. छे! सासूबाई घरी आल्या त्याच आठवड्यात हे स्कूटर काढून देवळोदेवळी निघाले, त्या दिवशी हाक मारायची राहून गेली म्हणून प्रत्येक संताची माफी मागायला. मी मागे बसलो होतो. परतताना वाडीच्या कडेला थांबलो तेव्हा इतके दिवस मनात अडकलेलं मी विचारून टाकलं, "पप्पा, खरं सांगा. मम्मी त्या दिवशी गेल्या असत्या तर?"

मला वाटलं, रागावतील. त्यांनी स्कूटर स्टँडला लावली.

"मग काय," ते म्हणाले, "ती तिथे येशूजवळ असती, आणि मी इथे त्याच्याजवळ."

इतकी वर्षं मी त्यांची टिंगल केली, घरीदारी त्यांच्या नकला करून लोकांना हसवलं. माझ्यावर तशी वेळ आली तर माझ्या तोंडात कोणाचं नाव येईल, मला खरंच सांगता येत नाही. मी स्कूटरवर मागे बसलो आणि त्यांचा खांदा धरला.